मोडणे आणि आवरणे
(व्याख्यानमालेचे दुसरे पुष्प, निपाणी)



निपाणीत येऊन आरोग्यावर बोलणाऱ्या माणसाकडे इथले लोक जरा जपूनच पाहतात. हा आता तंबाखूवर घसरणार आणि आमच्या पोटावर पाय देणार, अशी शंका त्यांना येते. शंका रास्त आहे. या गावाची पेठ तंबाखूवर उभी राहिली. भोवतालच्या रानात विडीच्या तंबाखूचे पीक, गावात वखारी, आणि वखारींत व घराघरांत खपणाऱ्या बाया असा हा पसारा आहे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. एप्रिलात पोलिसांनी गोळीबार केला आणि काही शेतकऱ्यांचे प्राण गेले. ज्या पिकाच्या भावासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, त्या पिकाला बाहेरून येऊन नावे ठेवणे सोपे असते. ते मी करणार नाही.

माझा विषय शरीराच्या आतला आहे. आपल्या ऊतींना आकार आणि बळ देणारे तंतू मोडून टाकणारी काही विकरे, म्हणजे एन्झाइमे, शरीर स्वतःच तयार करते. त्यांचे काम काय, ती रोगाला कधी कारण होतात आणि या सीमाभागातल्या दोन तक्रारींशी त्यांचा काय संबंध आहे, एवढे मला सांगायचे आहे.

त्या दोन तक्रारी तुम्ही सर्वांनी ऐकल्या आहेत. साठीचा एक गृहस्थ दवाखान्यात येतो आणि म्हणतो, “डॉक्टर, चढ चढवत नाही. दोन पावलं टाकली की धाप लागते.” पंचविशीचा एक मुलगा येतो आणि म्हणतो, “तिखट लागलं की तोंडात आग होते, आणि आता तोंड पुरतं उघडतच नाही.” पहिल्याच्या खिशात विड्यांचे बंडल असते, दुसऱ्याच्या खिशात सुपारीची पुडी. एकाची छाती तपासायची, दुसऱ्याचे तोंड. डॉक्टर वेगळे, खोल्या वेगळ्या. पण आत पाहिले तर बिघाड एकाच व्यवस्थेत झालेला दिसतो. म्हाताऱ्याच्या फुफ्फुसात मोडायला नको ते मोडले गेले. तरुणाच्या गालात मोडायला हवे होते ते मोडले गेले नाही.

शेपटी कुठे जाते?

शरीर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पेशी येतात. पण पेशी मोकळ्या तरंगत नसतात. त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे असते. त्यातला मुख्य तंतू कोलॅजेन. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रथिन हे एकटे असते. कातडी, हाडे, स्नायुबंध, रक्तवाहिन्या, हिरड्या, सगळीकडे ते आहे. त्याचे तीन पदर एकमेकांभोवती पिळलेले असतात. ही रचना १९५४-५५ च्या सुमारास मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली. स्वतंत्र भारतातल्या विज्ञानाचे ते एक मोठे यश आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही.

हा तिपेडी पीळ इतका घट्ट असतो की पोटात अन्नातली प्रथिने पचवणाऱ्या नेहमीच्या विकरांना तो सहसा दाद देत नाही. मग एक कोडे पडते. जून-जुलैत खानापूरकडच्या भातखाचरांत बेडूकमासे वळवळताना तुम्ही पाहिले असतील. काही आठवड्यांत त्यांची शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही, शरीरातच जिरते. शेपटीत कोलॅजेन भरलेले असते. ते जाते कुठे?

बॉस्टनमध्ये जेरोम ग्रॉस आणि त्यांचे बेल्जियन सहकारी चार्ल्स लापिएर यांनी १९६२ साली याचे उत्तर दिले. तोवर लोक ऊती वाटून त्यांच्या रसात असे विकर शोधत आणि हाती काही लागत नसे. या दोघांनी शेपटीचा जिवंत तुकडा कोलॅजेनच्या दुधट थरावर ठेवला. काही वेळाने तुकड्याभोवतीचा थर विरघळून तिथे स्वच्छ पारदर्शक कडे उमटले. मोडणारे विकर सापडले होते. वाटलेल्या ऊतीत ते का सापडत नव्हते, हेही पुढे कळले. शरीर त्याचा साठा करत नाही; गरज पडली की तेवढ्यापुरते बनवते. शिवाय त्याला रोखणारी द्रव्ये त्याच्या शेजारीच हजर असतात.

आज या घराण्यातली तेवीस विकरे माणसात माहीत आहेत. त्यांच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. त्यांना मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज म्हणतात. आपण एमएमपी म्हणू. त्यातली कोलॅजिनेजे कोलॅजेनचे तिन्ही पदर एका ठरावीक जागीच कापतात. तुकडे होतात ते तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश. एवढा एक घाव बसला की शरीराच्या उबेतच पीळ सुटतो आणि उरलेले काम दुसरी विकरे उरकतात.

इतके धारदार हत्यार बाळगायचे तर बंदोबस्तही तसाच हवा. तो तीन ठिकाणी आहे. एक, पेशीला निरोप आल्याशिवाय विकर बनत नाही. दोन, बनते तेही झाकलेल्या अवस्थेत. त्याच्याच साखळीचा एक भाग जस्ताला झाकून बसलेला असतो आणि तो बाजूला झाल्याखेरीज विकर कामाला लागत नाही. तीन, काम सुरू झाल्यावरही त्याला गाठून निकामी करणारी रोधक प्रथिने असतात. एमएमपींच्या चार खास रोधकांना टिम्प म्हणतात. मोडणारे आणि आवरणारे यांचे प्रमाण जमले तर आरोग्य, बिघडले तर रोग. पुढचे सगळे बोलणे या एका वाक्याचा विस्तार आहे.

निरोगी शरीरातले मोडकाम

मोडणे म्हटले की आपल्याला नुकसान आठवते. पण मोडल्याशिवाय शरीराला काही नवे उभारता येत नाही. मुलाचे हाड वाढते तेव्हा आतले जुने हाड मोडले जात असते. जखम भरताना कडेच्या कातडीतल्या पेशी मध्याकडे सरकतात. वाटेतले कोलॅजेन कापले तरच त्यांना सरकता येते.

बाळंतपणाचे उदाहरण तर फार बोलके आहे. नऊ महिने गर्भाशयाचे मुख घट्ट मिटलेले असते. प्रसूतीच्या सुमारास तिथल्या तंतूंची वीण सैल होते आणि तेच मुख मऊ पडून उघडते. बाळ जन्मले तेव्हा गर्भाशय साधारण एक किलो वजनाचे असते. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आत येते. पेशी आकसतात आणि त्यांच्यामधले कोलॅजेन झपाट्याने मोडले जाते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. त्या काळात तिच्या शरीरात केवढे मोडकाम चाललेले असते, याची घरातल्या माणसांना कल्पना नसते.

हेच काम वेळेआधी झाले तर बाळाभोवतीचे पडदे अकाली फाटतात आणि अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मते. मधुमेह्याच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नाही, तेव्हा तिथे मोडणारी विकरे जास्त आणि टिम्प कमी असे चित्र दिसते. नवे तंतू तयार होतात आणि तिथल्या तिथे कापले जातात. वरून मलम बदलत राहून त्याचा उपयोग होत नाही; साखर, रक्तपुरवठा आणि जंतुसंसर्ग यांच्याकडे आधी पाहावे लागते. विकर जास्त झाले हे खरे, पण ते जास्त का झाले याचे उत्तर त्या विकरात नसते.

छाती: आवर सुटला तर

आता आपल्या म्हाताऱ्याकडे येऊ. फुफ्फुसात हवा जिथे रक्ताला भेटते ते वायुकोश. २००४ साली मोजणी झाली तेव्हा प्रौढ माणसात ते सरासरी ४८ कोटी भरले. त्यांच्या भिंतींत इलास्टिन नावाचा लवचीक तंतू असतो. श्वास घेताना तो ताणतो, सोडताना पूर्ववत होतो. बारीक श्वासनलिकांना स्वतःचा टणकपणा नसतो. मांडवाचा खांब चारी बाजूंच्या ताण्यांवर उभा राहावा, तशा त्या भोवतालच्या भिंतींच्या ओढीवर उघड्या राहतात. ताणे तुटले की श्वास सोडताना नळ्या मिटतात, हवा आत अडकते, छाती फुगून पिंपासारखी दिसू लागते. हा एम्फिसीमा. दमा किंवा जुना खोकला म्हणून तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

इलास्टिनची गोष्ट अशी की शरीर ते पुन्हा सहसा बनवत नाही. गर्भात आणि बालपणी जे विणले गेले तेच जन्मभर वापरायचे. १९९१ मध्ये स्टीव्हन शापिरो आणि सहकाऱ्यांनी हे मोठ्या युक्तीने दाखवले. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. त्यानंतर विणलेल्या प्रत्येक तंतूत तो उतरायला हवा होता. प्रौढांच्या फुफ्फुसातल्या इलास्टिनमध्ये तो जवळपास नव्हताच. हिशेब केला तेव्हा या तंतूचे सरासरी वय निघाले ७४ वर्षे. म्हणजे माणसाचे फुफ्फुस त्याच्याइतकेच जुने असते.

हे तंतू मोडते कोण, याचा पहिला धागा स्वीडनमध्ये मिळाला. १९६३ साली लॉरेल आणि एरिक्सन हे दोघे रुग्णांच्या रक्तातली प्रथिने तपासत होते. काही नमुन्यांत अल्फा-१ या पट्ट्याचे एक प्रथिन दिसेना, आणि त्या रुग्णांपैकी काहींना ऐन तारुण्यात एम्फिसीमा झालेला होता. हे प्रथिन म्हणजे रोधक. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींत इलास्टेज नावाचे विकर असते, आणि यकृतात तयार होणारे हे प्रथिन त्याला आवरते. ज्यांना ते जन्मतःच मिळाले नाही, त्यांची फुफ्फुसे त्यांच्याच पेशी मोडतात. हा जन्मजात दोष युरोपात अधिक आढळतो, आपल्याकडे विरळा आहे. पण त्याने एक गोष्ट स्पष्ट झाली. मोडणारे विकर सर्वांपाशी असते. ज्याचा रोधक गेला, त्याचे फुफ्फुस जाते.

मग ज्यांचा रोधक जन्मतः शाबूत आहे, त्या विडीवाल्याचे काय? त्याचा रोधक धूर निकामी करतो. या प्रथिनाच्या साखळीत ३५८ व्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असते आणि इलास्टेजला पकडण्याचे काम तिथेच होते. धुरातली ऑक्सिडीकारक द्रव्ये नेमकी ती जागा बिघडवतात. दुसरीकडे धुरामुळे फुफ्फुसातल्या भक्षक पेशी चवताळतात, न्यूट्रोफिलांना बोलावून घेतात आणि स्वतः एमएमपी-१२ सोडतात. १९९७ साली ज्या उंदरांत हे एक विकर जनुकीय बदलाने काढून टाकले होते, त्यांना महिनोन्महिने सिगारेटचा धूर दिला. एम्फिसीमा झाला नाही.

पुढची साखळी आणखी वाईट आहे. इलास्टेज टिम्पला तोडते आणि एमएमपी-१२ इलास्टेजच्या रोधकाला तोडते. दोन मोडणारे एकमेकांचा आवर काढून देतात. इलास्टिनचे तुटलेले तुकडे नव्या भक्षक पेशींना ओढून आणतात, त्या आणखी इलास्टिन मोडतात. म्हणून दम एकदा लागू लागला की तो हळूहळू वाढतच जातो.

“डॉक्टर, विडी तर पानाची. सिगारेटसारखी केमिकलवाली नाही,” असे मला अनेकांनी सांगितले आहे. तेंदूच्या पानात गुंडाळलेल्या विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा थोडा असतो हे खरे. पण पान हवा खेळू देत नाही आणि विडी सतत विझते. ती पेटती ठेवायला वरचेवर आणि जोराने ओढावे लागते. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत कमी जात नाही, उलट जास्तच जाते. देशपातळीवरच्या २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांपैकी ७.७ टक्के विडी ओढणारे आणि ४ टक्के सिगारेट ओढणारे निघाले. भारतातला धूर हा मुख्यतः विडीचा धूर आहे.

ज्या बाईने जन्मात विडी ओढली नाही, तिलाही हा रोग होतो. कारण चुलीचा धूर. मेक्सिकोतल्या संशोधकांनी २००४ साली लाकूडफाट्याच्या धुराने आजारी पडलेल्या आणि तंबाखूने आजारी पडलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसांतले द्रव तपासले. दोन्हींत एमएमपी वाढलेले होते. विकराला धूर कशाचा हे कळत नाही. वखारीत तंबाखू चाळताना उडणारी धूळ ही धुरापेक्षा वेगळी गोष्ट आहे. त्या धुळीने खोकला, शिंका, छाती भरणे, श्वसनाची क्षमता घटणे हे त्रास होतात. दिवसा वखारीची धूळ आणि संध्याकाळी चुलीचा धूर अशा दोन पाळ्या जिची छाती करते, तिची तपासणी नवऱ्याच्या आधी व्हायला हवी. प्रत्यक्षात ती नंतरही होत नाही.

तोंड: आवर घट्ट बसला तर

आता तो तरुण. त्याच्या रोगाला ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत श्वार्ट्झ यांनी तो नोंदवला आणि पुढच्याच वर्षी एस. जी. जोशी यांनी भारतातून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गालाच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी, चामड्यासारखी ताठ होते. गालात पट्टे हाताला लागतात. तोंड चार बोटांवरून तीन, मग दोन बोटांवर येते. भाकरीचा घास घेता येत नाही.

याचे मूळ सुपारीत आहे. तंबाखू सोबत असो वा नसो, सुपारी पुरेशी असते. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे कोलॅजेन बनवणाऱ्या पेशी जादा काम करू लागतात. सुपारीतल्या तांब्यामुळे कोलॅजेनचे पदर एकमेकांना जोडणारे विकर, लायसिल ऑक्सिडेज, वाढते. सुपारीचा तुरट रस म्हणजे टॅनिने. कातडे कमावताना कोलॅजेन टिकाऊ करायला जो गुण वापरतात तोच इथे जिवंत गालावर चालतो. त्यात टिम्प वाढतात आणि कोलॅजिनेज दबते. बनते जास्त, बांधले जाते घट्ट आणि मोडले जाते कमी. तिन्ही बाजूंनी एकच परिणाम: गाल आवळत जातो.

हा केवळ तोंड उघडण्याचा प्रश्न नाही. १९५६ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या पेमास्टर यांनी या ताठ गालांत कर्करोग उगवताना नोंदवला. केरळात सतरा वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी ७.६ टक्क्यांना कर्करोग झाला. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. पूजेच्या तबकात, लग्नाच्या पंगतीत, पाहुण्याच्या आदरात असलेली सुपारी आपल्याला तंबाखूइतकी भीतीची वाटत नाही. अधूनमधून विडा खाणारा माणूस आणि दिवसभर पुड्या फोडणारा मुलगा यांत फरक आहे. पण तो फरक मात्रेचा आहे.

आणि उपचार काय करतात? गालात हायल्युरोनिडेज टोचतात. हेही ऊती सैल करणारे विकरच. कोलॅजेनच्या आसपासचा चिकट भराव ते विरघळवते. बेळगावसारख्या गावातल्या दंत महाविद्यालयांत हा रोज चालणारा उपचार आहे. एका रोगात ज्या जातीच्या विकराला आपण शत्रू म्हणतो, दुसऱ्यात त्याच जातीचे विकर सुईतून देतो. तोंड थोडे उघडते. पुडी चालू राहिली तर पुन्हा मिटते.

विकरालाच थांबवले तर?

साधा विचार असा की मोडणारे विकर रोग करत असेल तर त्याला रोखणारी गोळी काढावी. हा प्रयोग जगाने मोठ्या खर्चाने केला. कर्करोगाची गाठ पसरताना भोवतालचे तंतू एमएमपींनीच कापले जातात, म्हणून ब्रिटनमध्ये मॅरिमास्टॅट नावाचे औषध तयार झाले. नव्वदच्या दशकात शेकडो रुग्णांवर चाचण्या झाल्या. आयुष्य वाढले नाही. उलट खांदे आणि हातांचे सांधे दुखून ताठ होऊ लागले, कारण औषधाने नित्याचे मोडकामही बंद पाडले होते. शिवाय काही एमएमपी कर्करोगाला आळा घालणारी निघाली. एमएमपी-८ नसलेल्या नर उंदरांत कातडीचे कर्करोग वाढले, असे २००३ मध्ये दिसले. सरसकट बंदीने चांगले आणि वाईट दोन्ही काम थांबते.

जिथे यश आले ते नेमके आणि मर्यादित आहे. डॉक्सिसायक्लिन हे जुने प्रतिजैविक एमएमपींना थोडे दाबते. जंतू मारायला लागते त्याहून कमी, २० मिलिग्रॅमची मात्रा हिरड्यांच्या रोगासाठी अमेरिकेत १९९८ साली मान्य झाली. क्षयात फुफ्फुसाला पोकळी पडते ती जंतूच्या दाताने नव्हे, आपल्याच एमएमपी-१ ने, असे गेल्या वीस वर्षांतल्या संशोधनातून पुढे आले आहे. २०२१ मध्ये सिंगापूरच्या एका लहान चाचणीत क्षयाच्या नेहमीच्या औषधांबरोबर दोन आठवडे डॉक्सिसायक्लिन दिले, तेव्हा पोकळ्यांचे आकारमान कमी झाले. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. औषधे संपल्यावरही त्यांतले पुष्कळ जण दमाने अर्धे होतात. त्यामुळे ही वाट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. तरी ती अजून चाचणीची वाट आहे. दुकानातून गोळी आणून कुणी सुरू करू नये.

एम्फिसीमात मात्र मोडलेली भिंत परत उभारणारे औषध आज नाही. हाती आहे ते एवढेच: धूर थांबवणे. फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली दाखवलेली रेषा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. धूम्रपान सोडले की गेलेली क्षमता परत येत नाही, पण घसरण मंदावते आणि न ओढणाऱ्या माणसाच्या वेगावर येते. पन्नाशीत विडी सोडणाऱ्याला “आता काय उपयोग” असे म्हणणारे नातेवाईक चुकतात. उपयोग आहे, आणि तो सत्तरीत दिसतो: जिना चढता येतो की खाटेवर बसून रात्र काढावी लागते, इतका फरक.

आवर कुणी घालायचा?

मोडणारे विकर मुळात दोषी नाही, हे आतापर्यंत लक्षात आले असेल. त्याच्या बरोबरीने नेहमी रोधक असतो. बाहेरचा धूर किंवा सुपारी येऊन ते प्रमाण बिघडवते. म्हणून प्रश्न पेशीबाहेर येतो, आणि मग तो वखारीत, घरात, पानपट्टीवर आणि सरकारी कचेरीत जातो.

आपण सीमेवर राहतो. निपाणीचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यातल्या अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात उभे आहे. त्याचे विद्यार्थी जेवायला कर्नाटकात येतात. गुटख्यावर महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैत बंदी घातली, कर्नाटकाने २०१३ च्या मेअखेर. मधले दहा महिने रस्ता ओलांडला की कायदा बदलत होता. पुढे दोन्हीकडे बंदी आली, तर सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी विकायला आली. ज्याला गुटखा म्हणत ते आता गिऱ्हाईक तळहातावर मिसळते. गालाच्या दृष्टीने काही बदलले नाही. दोन राज्ये एकाच दिवशी, एकच नियम लावतील आणि तो सुपारीलाही लागू असेल, अशी मागणी या गावाने दोन्ही सरकारांकडे करायला हवी. सीमाप्रश्नावर आपली मते काहीही असोत, या मागणीत कुणाचे मतभेद नसावेत.

वखारींबद्दल बोलायचे तर नवे काही शोधायचे नाही. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात हवा खेळती ठेवण्याचे, आणि धूळ श्वासात जाणार नाही यासाठी मालकाला उपाय करायला लावण्याचे कलम होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या बाया संघटित झाल्या, त्यांच्या लढ्यावर १९८२ साली युगांतर या गटाने ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्या बायांना मजुरी, वागणूक आणि आरोग्य या वेगवेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. धूळ ओढून घेणारा पंखा, चाळताना तोंडाला नीट बसणारा मुखपट, वर्षातून एकदा श्वासाची तपासणी ही त्याच मागण्यांची पुढची ओळ आहे. तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. नळीत जोरात फुंकायचे, काही मिनिटांत निकाल. रक्त काढावे लागत नाही. दम लागण्याच्या कितीतरी आधी ती घसरण दाखवते.

शेतकऱ्याला पीक बदलायला सांगणे हा माझा अधिकार नाही. पण एवढे म्हणेन की तंबाखूला जेवढी बाजारपेठ आणि वखारी मिळाल्या, तेवढ्या दुसऱ्या पिकाला कुणी दिल्या नाहीत. नुसते ‘लावू नका’ म्हणून पीक बदलत नाही. भाव, गोदाम आणि व्यापारी आधी उभे करावे लागतात. १९८१ सालची मागणीही शेवटी भावाचीच होती.

घरी जाऊन आज रात्री करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. आरशासमोर उभे राहा आणि आपल्याच हाताची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का ते पाहा. घरातल्या मुलांनाही करायला सांगा. जात नसतील तर दंतवैद्याकडे जा, आणि जाण्याआधी पुडी टाकून द्या. ज्याला महिनाभर खोकला आहे किंवा बरोबरीच्या माणसांइतके चालवत नाही, त्याने श्वासाची तपासणी करून घ्यावी. विडी ओढत असो वा नसो.

कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेच्या दिवसांत मंडपाच्या बाजूला दोन टेबले मांडा. एकावर स्पायरोमीटर, दुसऱ्यावर तोंड तपासणारा दंतवैद्य. बेळगावची वैद्यकीय आणि दंत महाविद्यालये फार दूर नाहीत, त्यांना विद्यार्थ्यांसाठी असे काम हवेच असते. वखारीतल्या बायांना त्या दिवसाची मजुरी न बुडता येता येईल अशी वेळ ठेवा. व्याख्यान थोडे छोटे झाले तरी चालेल.